लाखो कागदांतून नेमका उतारा : भाषा-मॉडेलसाठीची शोधयंत्रणा वेगवान आणि हलकी कशी करावी

हापूसच्या मोहोरावर तुडतुडे दिसू लागले की देवगड-राजापूरकडचा बागायतदार विचारतो, की आता कोणती फवारणी घ्यायची, मागच्या फवारणीला किती दिवस झालेले असावेत, आणि मध्येच पाऊस शिंपडला तर ती पुन्हा घ्यावी का. हा प्रश्न थेट एखाद्या भाषा-मॉडेलला विचारला तर ते ओघवत्या मराठीत उत्तर देईल, पण ते उत्तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या यंदाच्या शिफारशीनुसार असेल याची हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून मॉडेलला स्मरणावर सोडायचे नाही. आधी कागदपत्रांतून योग्य उतारे शोधायचे, ते त्याच्यापुढे ठेवायचे आणि त्यांच्याच आधारे उत्तर लिहायला सांगायचे. २०२० साली पॅट्रिक लुइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या पद्धतीची जी मांडणी केली, तिच्यावर आज असंख्य यंत्रणा उभ्या आहेत.

संग्रह लहान असतो तोवर सारे सुरळीत चालते. कृषिपत्रके, शासन निर्णय, मासेमारीविषयक परिपत्रके, जुने छापील अहवाल असे सगळे एकत्र केले आणि उताऱ्यांची संख्या लाखांत गेली, की रॅम पुरत नाही, उत्तर यायला वेळ लागतो आणि भाड्याच्या सर्व्हरचे बिल वाढत जाते. किनारपट्टीवर आणखी एक अडचण आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले, तेव्हा दापोली-मंडणगडच्या अनेक गावांत कित्येक दिवस वीज नव्हती आणि मोबाइलचे जाळेही कोलमडले होते. ज्या दिवसांत माहितीची सर्वाधिक गरज असते, नेमक्या त्याच दिवसांत दूरचा सर्व्हर हाताशी नसतो. म्हणून ही यंत्रणा तालुक्याच्या गावातल्या एका साध्या संगणकावर, इन्व्हर्टरच्या आधाराने चालली पाहिजे, असा आग्रह धरून मी हे लिहीत आहे. पुढच्या सर्व हिशोबांत १६ जीबी रॅमचा, ग्राफिक्स कार्ड नसलेला संगणक आणि २० लाख उतारे गृहीत धरले आहेत.

आधी प्रश्नांची वही

वेग वाढवण्याचे काम हाती घेण्यापूर्वी खऱ्या प्रश्नांची एक वही तयार करावी. दीडशे-दोनशे प्रश्न पुरतात, पण ते लोकांच्या तोंडचे असावेत. कार्यालयात बसून रचलेले प्रश्न कागदपत्रांच्याच भाषेत असतात आणि म्हणून फसवे ठरतात. प्रत्येक प्रश्नासमोर त्याचे उत्तर ज्या उताऱ्यात आहे त्याचा क्रमांक लिहावा, आणि ज्यांचे उत्तर संग्रहात मुळीच नाही असे तीसएक प्रश्नही मुद्दाम घालावेत. या वहीवरून तीन गोष्टी मोजायच्या आहेत. पहिल्या दहा उताऱ्यांत योग्य उतारा किती प्रश्नांना सापडला, शंभरांपैकी पंच्याण्णव प्रश्नांची उत्तरे किती वेळाच्या आत मिळाली, आणि त्या वेळी रॅम किती लागली. सरासरी वेळेवर विसंबू नये, कारण रेंगाळलेले चार-पाच प्रश्न सरासरीत दडून जातात आणि वापरणाऱ्याच्या लक्षात मात्र तेच राहतात.

दोन चुका वेगळ्या मोजण्याची सवय येथेच लावून घ्यावी. पहिली चूक एम्बेडिंगची, म्हणजे मजकुराचे आकड्यांच्या रांगेत रूपांतर करणाऱ्या मॉडेलला प्रश्न आणि उतारा यांचे नातेच न कळण्याची. दुसरी चूक घाईची, म्हणजे इंडेक्सने (शोध जलद व्हावा म्हणून आधीच बांधून ठेवलेल्या सूचीने) सर्व उतारे न तपासता अंदाजाने काही वगळल्याची. एकदा संपूर्ण संग्रह एकेक उतारा पाहून, कोणतीही काटछाट न करता शोधावा आणि तो निकाल जपून ठेवावा. नंतर केलेल्या प्रत्येक काटछाटीची तुलना त्याच्याशी केली की काय गमावले ते स्पष्ट दिसते. ही तुलना न केल्यामुळे मूळ दोष एम्बेडिंगमध्ये असताना लोक इंडेक्सचे आकडे फिरवण्यात आठवडे घालवतात.

वेळेचेही टप्प्यांनुसार तुकडे करून लिहावेत : प्रश्नाचे एम्बेडिंग, शोध, फेरक्रम (सापडलेल्या उताऱ्यांचा क्रम नव्याने लावणे), मॉडेलने उतारे वाचणे आणि उत्तर लिहिणे. ग्राफिक्स कार्ड नसलेल्या यंत्रावर बहुतेक वेळा शेवटचे दोन टप्पेच सर्वांत जड निघतात, आणि तसे असेल तर शोध कितीही चपळ केला तरी वापरणाऱ्याला फरक जाणवणार नाही. अशा वेळी मॉडेलपुढे कमी पण अचूक मजकूर ठेवणे हाच वेग वाढवण्याचा खरा मार्ग असतो.

मजकूर स्वच्छ करणे

मराठी संग्रहात सर्वाधिक लाभ या कंटाळवाण्या कामातून मिळतो, असे माझे ठाम मत आहे.

पहिला प्रश्न जुन्या फाँटचा. युनिकोड रुळण्यापूर्वीचे बहुतेक मराठी दस्तऐवज श्रीलिपी, कृतिदेव यांसारख्या फाँटमध्ये टंकलिखित झालेले आहेत. त्यांत पडद्यावर देवनागरी दिसते, परंतु फाइलमध्ये साठवलेली असतात ती रोमन अक्षरे आणि चिन्हे. पीडीएफमधून मजकूर काढला की हाती निरर्थक चिन्हांची रांग येते आणि तिचे एम्बेडिंगही तितकेच निरर्थक निघते. अशा फाइली आपोआप ओळखण्यासाठी प्रत्येक पानावरील देवनागरी अक्षरांचे प्रमाण मोजावे. मराठी म्हणून नोंदलेल्या पानात ते नगण्य असेल, तर ते पान फाँट-परिवर्तकातून काढावे किंवा त्याचे चित्र करून टेसरॅक्टसारख्या अक्षरओळख साधनाला द्यावे, ज्यात मराठीची सोय आहे.

दुसरा प्रश्न अधिक सूक्ष्म आहे. ‘किनाऱ्यावर’ या शब्दातला अर्धा र संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. काही कळफलक ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक वापरतात. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, पण शोधयंत्राच्या लेखी ते दोन भिन्न शब्द असतात, आणि युनिकोडचे प्रमाणीकरण केल्यानेही हा भेद मिटत नाही. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो आणि त्याचा क्रम चुकवून चालत नाही : आधी ‘र, हलन्त, जोडक’ या त्रयीचे ‘ऱ, हलन्त’ असे रूपांतर करावे आणि मगच उरलेले अदृश्य जोडक काढून टाकावेत. क्रम उलटा झाला तर ‘दऱ्या’ या शब्दाचा ‘दर्या’ होतो, आणि सह्याद्रीच्या दऱ्यांविषयीचा प्रश्न समुद्राविषयीच्या परिपत्रकांत जाऊन पडतो. देवनागरी आणि रोमन आकड्यांचेही शोधापुरते एकच रूप करावे. ‘१ जून’ कोणी कसाही लिहिला तरी तो एकच असला पाहिजे. हे सारे बदल शोधाच्या प्रतीत करावेत, आणि मूळ मजकूर वाचकाला दाखवण्यासाठी जसाच्या तसा ठेवावा.

तिसरे काम पुनरावृत्ती काढण्याचे. एकच परिपत्रक पाच कार्यालयांतून पाच वेळा स्कॅन होऊन येते, आणि शोधाच्या पहिल्या दहा जागांपैकी पाच तेच अडवते. हुबेहूब प्रती हॅशने, म्हणजे मजकुरावरून काढलेल्या छोट्या ठशाने, सापडतात. किंचित फरकाच्या प्रतींसाठी आंद्रेई ब्रोडर यांनी १९९७ च्या सुमारास अल्टाव्हिस्टा शोधयंत्रासाठी विकसित केलेली मिनहॅश ही पद्धत आजही उत्तम आहे. तिच्यात प्रत्येक दस्तऐवजातील शब्दगटांवरून एक छोटी खूण काढली जाते आणि केवळ खुणांची तुलना करून दोन दस्तऐवज किती सारखे आहेत याचा अंदाज बांधता येतो. प्रती काढताना मात्र दिनांक पाहावा. मजकूर जवळजवळ सारखा पण वर्ष वेगळे असेल तर ती पुनरावृत्ती नसून सुधारित आवृत्ती असू शकते, आणि तेव्हा जुनी प्रत पुसण्याऐवजी तिच्यावर ‘कालबाह्य’ अशी नोंद करणे योग्य.

उतारे पाडणे

उतारे ठरावीक शब्दसंख्येवर कापू नयेत, मथळ्यांच्या आणि परिच्छेदांच्या सीमांवर कापावेत. फवारणी वेळापत्रकाचा तक्ता मध्येच तुटला तर एका उताऱ्यात औषधाचे नाव आणि दुसऱ्यात मात्रा राहते. मॉडेल मग मात्रा भलत्याच औषधाला चिकटवू शकते, आणि त्याची किंमत बागायतदाराला मोजावी लागते. म्हणून तक्त्याची प्रत्येक ओळ तिच्या स्तंभांच्या शीर्षकांसह स्वतंत्र वाक्यासारखी लिहावी, आणि प्रत्येक उताऱ्याच्या आरंभी दस्तऐवजाचे नाव, पीक आणि वर्ष यांची एक ओळ जोडावी.

लगतचे उतारे एकमेकांवर चढवण्याची प्रथा सर्वत्र आहे, पण तिचा हिशोब क्वचितच कोणी करतो. प्रत्येक उतारा मागच्यावर निम्मा चढवला तर उताऱ्यांची संख्या दुप्पट होते, आणि पुढची रॅम, डिस्क आणि वेळ हे सारे दुप्पट होते. मथळ्यांवर नीट कापलेल्या मजकुराला एखाद-दुसऱ्या वाक्यापेक्षा अधिक चढ लागत नाही. शोध लहान उताऱ्यांवर करावा आणि मॉडेलला तो उतारा ज्या विभागातला आहे तो पूर्ण विभाग द्यावा, ही रचना मला सर्वांत समाधानकारक वाटते. लांबी मात्र मॉडेलच्या स्वतःच्या टोकनांत, म्हणजे ते शब्दांचे जे तुकडे करते त्यांत, मोजावी, कारण बहुतेक मॉडेल मराठी शब्दाचे इंग्रजी शब्दापेक्षा अधिक तुकडे करतात आणि इंग्रजीवरून उचललेली मर्यादा मराठीत लवकर संपते.

शब्दांवरून शोध आजही हवा

व्हेक्टर-शोधाच्या, म्हणजे एम्बेडिंगच्या आकड्यांच्या रांगा (व्हेक्टर) ताडून केलेल्या शोधाच्या, आकर्षणात शब्दशोध टाकून देण्याची चूक करू नये. दुर्मीळ शब्दाला अधिक वजन द्यावे हा विचार कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडला, आणि त्यातून पुढे १९९० च्या दशकात स्टीफन रॉबर्टसन व सहकाऱ्यांच्या ओकापी प्रणालीत, शब्दांच्या जुळणीवरून गुण देणारे बीएम२५ हे सूत्र घडले. त्याला ग्राफिक्स कार्ड लागत नाही, त्याचा इंडेक्स दाबून अगदी लहान करता येतो, आणि ‘वेंगुर्ला-४’ हे काजूचे वाण किंवा शासन निर्णयाचा क्रमांक अशा गोष्टींत ते एम्बेडिंगपेक्षा हमखास सरस ठरते, कारण एम्बेडिंगला ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ जवळजवळ सारखेच भासतात.

मराठीत त्याला एक अडथळा आहे, तो सामान्यरूपाचा. आंबा, आंब्याला, आंब्यावरील, आंब्यांच्या ही सारी एकाच शब्दाची रूपे असली तरी बीएम२५ ला ती निरनिराळी दिसतात. प्रत्यय तोडणारा हलका नियमसंच हा एक उपाय, आणि शब्दाचे तीन-तीन, चार-चार अक्षरांचे तुकडे करून त्यांचा इंडेक्स करणे हा दुसरा. दुसरा उपाय सोपा आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचे भेद मिटवून वापरला तर अशुद्धलेखनही पचवतो, पण कोकणात त्याची एक गमतीशीर अडचण समोर येते. कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूस यांच्या संकरातून ‘रत्ना’ हे आंब्याचे वाण काढले आणि रत्ना व हापूस यांच्या संकरातून ‘सिंधू’. अक्षरतुकड्यांच्या इंडेक्सला ‘रत्ना’ प्रत्येक ‘रत्नागिरी’त सापडतो आणि ‘सिंधू’ प्रत्येक ‘सिंधुदुर्गा’त, आणि हे दोन शब्द तर जवळजवळ प्रत्येक कागदाच्या मथळ्यावर असतात. म्हणून पूर्ण शब्दाचा इंडेक्स आणि तुकड्यांचा इंडेक्स असे दोन्ही ठेवून पूर्ण शब्दाच्या जुळणीला ठळक अधिक वजन द्यावे.

बोलीतल्या शब्दांसाठी हाताने केलेली समानार्थी शब्दांची यादी ही सर्वांत स्वस्त सुधारणा आहे. मालवणकडे जिला ‘इसवण’ म्हणतात ती कागदोपत्री ‘सुरमई’ असते, आणि बहुभाषिक एम्बेडिंगने ‘इसवण’ हा शब्द शिकताना क्वचितच पाहिलेला असतो. स्थानिक माणसांसोबत बसून केलेली काही शे शब्दांची यादी प्रश्नाला शोधाआधीच जोडली तर तिला लागणारा वेळ मोजण्याइतकाही नसतो.

शब्दशोध आणि व्हेक्टर-शोध यांचे निकाल एकत्र करताना त्यांचे गुण बेरजेत घेऊ नयेत, कारण दोहोंची मापे वेगळी आहेत. गुणांऐवजी क्रमांक वापरावा : प्रत्येक यादीत उतारा ज्या क्रमांकावर आहे त्यात ६० मिळवून त्याचा व्यस्त घ्यावा आणि दोन्ही याद्यांतील हे आकडे मिळवावेत. २००९ साली कॉर्मॅक, क्लार्क आणि ब्यूटशर यांनी सुचवलेली ही साधी रीत अनेक गुंतागुंतीच्या रीतींच्या तोडीस तोड चालते.

व्हेक्टर लहान करणे

आता हिशोब. एका उताऱ्याचे एम्बेडिंग १०२४ आकड्यांचे आहे आणि प्रत्येक आकडा ४ बाइट घेतो असे धरले, तर एका उताऱ्याला ४०९६ बाइट आणि २० लाख उताऱ्यांना सुमारे ८.२ जीबी लागतात. १६ जीबीच्या यंत्रात भाषा-मॉडेलही राहायचे असते, त्यामुळे एवढी जागा केवळ व्हेक्टरांना देता येणार नाही.

पहिली पायरी प्रत्येक आकडा एका बाइटात बसवण्याची. त्याने ८.२ चे सुमारे २ जीबी होतात आणि अचूकतेतली घट बहुधा किरकोळ असते. ही पायरी न घेण्याचे कारण मला दिसत नाही. दुसरी शक्यता रांगेची लांबीच कमी करण्याची आहे. २०२२ मध्ये मांडल्या गेलेल्या मात्र्योश्का पद्धतीने शिकवलेल्या मॉडेलमध्ये महत्त्वाची माहिती रांगेच्या आरंभी गोळा केलेली असते, म्हणून १०२४ पैकी पहिले ५१२ किंवा २५६ आकडेच ठेवले तरी काम भागते. ज्या मॉडेलला तसे शिकवलेले नाही, त्याची रांग मात्र अशी तोडू नये. तोडल्यानंतर उरलेल्या व्हेक्टराची भूमितीय लांबी (आकड्यांच्या वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ) पुन्हा १ करून घ्यावी, अन्यथा तुलना बिघडते.

तिसरी पायरी धाडसी वाटते, पण माझ्या मते या आकाराच्या संग्रहासाठी तीच सर्वांत उपयुक्त आहे. प्रत्येक आकड्याचे केवळ चिन्ह ठेवायचे : धन असेल तर १, ऋण असेल तर ०. मग १०२४ आकडे १२८ बाइटांत मावतात आणि २० लाख उतारे सुमारे २५६ एमबीत. दोन उतारे किती वेगळे आहेत हे त्यांच्यातील किती बिट भिन्न आहेत यावरून ठरते, आणि ही मोजणी प्रोसेसर अतिशय वेगाने करतो. इतक्या दाबण्याने क्रम थोडा विस्कटतो हे खरे, आणि म्हणून या शोधावर थांबायचे नाही. त्यातून पहिले तीनशे उमेदवार घ्यावेत, एक बाइटवाली दोन जीबीची फाइल डिस्कवर ठेवलेली असते तिच्यातून फक्त त्या तीनशे उताऱ्यांचे व्हेक्टर वाचावेत आणि त्यांचा क्रम नव्याने लावावा. वाचायचे असतात तीन लाख बाइट, आणि साध्या एसएसडीला तेवढे वाचायला क्षणही लागत नाही. मात्र सर्व मॉडेल चिन्हांपुरती दाबणी सारखी सोसत नाहीत, तेव्हा आपल्या वहीवर तपासल्याशिवाय ही पायरी पक्की करू नये.

संग्रह याहून खूप मोठा असेल तर हर्वे जेगू, मातिस दूझ आणि कॉर्डेलिया श्मिड यांनी २०११ मध्ये मांडलेली उत्पाद-क्वांटायझेशनची पद्धत पाहावी. १०२४ आकड्यांचे ६४ गट करायचे, प्रत्येक गटासाठी २५६ नमुने शिकून घ्यायचे आणि मूळ आकड्यांऐवजी सर्वांत जवळच्या नमुन्याचा क्रमांक साठवायचा. म्हणजे प्रत्येक उतारा ६४ बाइटांत येतो. हे नमुने ज्या मजकुरावरून शिकले त्याच मजकुराला शोभतात. बागायतीच्या कागदांवर शिकलेल्या नमुन्यांत पुढे मत्स्यव्यवसायाचे लाखभर उतारे घातले तर ते नीट बसत नाहीत, आणि नमुने पुन्हा शिकावे लागतात.

इंडेक्स हवाच का

बहुतेक मार्गदर्शनांत इंडेक्सची निवड सर्वांत आधी येते. येथे ती उशिरा येण्याचे कारण असे, की व्हेक्टर लहान केल्यावर पुष्कळदा तिची गरजच उरत नाही. रॅममधून सेकंदाला १० जीबी वाचता येतात असा सावध अंदाज धरला, तरी २५६ एमबीचा संपूर्ण संग्रह आरंभापासून शेवटपर्यंत चाळायला सुमारे २६ मिलिसेकंद लागतात. हेच ८.२ जीबीच्या मूळ व्हेक्टरांना पाऊण सेकंदाहून अधिक लागले असते. सरसकट चाळणीत काहीही वगळले जात नाही, नवा उतारा फाइलच्या शेवटी जोडला की काम संपते, जुना काढायला त्रास नसतो, आणि ‘फक्त सिंधुदुर्ग, फक्त काजू, फक्त चालू वर्ष’ अशी गाळणी लावली तर चाळायचे उतारे कमी होऊन शोध आणखी जलद होतो.

त्याउलट २०१६ साली युरी मालकोव्ह आणि दिमित्री याशुनिन यांनी मांडलेल्या एचएनएसडब्ल्यू या लोकप्रिय आलेखाकडे पाहा. त्यात प्रत्येक उतारा आपल्या शेजाऱ्यांचे पत्ते जवळ ठेवतो. शेजारी किती जोडायचे याच्या नेहमीच्या १६ या मापाला सर्वांत खालच्या थरात ३२ शेजारी आणि प्रत्येकाचे ४ बाइट असे १२८ बाइट होतात, म्हणजे दाबलेल्या व्हेक्टराइतकीच जागा केवळ पत्त्यांना लागते. उतारे पुसले की आलेखात नुसत्या खुणा साठत जातात आणि कधीतरी तो नव्याने बांधावा लागतो. कडक गाळणी लावली तर आलेखातून चालत जाताना भेटलेले बहुतेक शेजारी गाळले जातात आणि हाती दोन-तीनच उतारे लागतात. एकाच वेळी शेकडो लोक प्रश्न विचारत असतील किंवा उतारे कोटीत गेले असतील, तर या अडचणी पत्करणे रास्त ठरते. तेव्हाही शोधाची खोली ठरवणारा आकडा वहीवर तपासून, हवी तेवढी अचूकता मिळाली की तेथेच थांबवावा.

मधला मार्ग गटवारीचा आहे. उताऱ्यांचे काही हजार गट करायचे आणि प्रश्नाच्या जवळचे थोडेच गट उघडायचे. एकाऐवजी किती गट उघडायचे, हा एकच आकडा तेथे वेग आणि अचूकता यांचा तोल सांभाळतो. २०१७ मध्ये मुक्त झालेल्या फाइस या सॉफ्टवेअर-संचात हे सारे प्रकार तयार मिळतात. अब्जावधी व्हेक्टरांचे काम असेल तर मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलेली डिस्कएएनएन ही रचना अभ्यासावी. तिने ६४ जीबी रॅम आणि एसएसडी असलेल्या एकाच यंत्रावर एक अब्ज व्हेक्टरांचा शोध चालवून दाखवला.

शेवटची चाळणी आणि मॉडेलपुढचा मजकूर

शब्दशोध आणि व्हेक्टर-शोध यांतून आलेल्या पहिल्या तीस-चाळीस उताऱ्यांना फेरक्रम लावणारे छोटे मॉडेल वापरावे, जे प्रश्न आणि उतारा एकत्र वाचून गुण देते. अचूकता सर्वांत जास्त येथेच वाढते, पण साध्या प्रोसेसरवर हा टप्पा आधीच्या सर्व शोधापेक्षा जड असतो, म्हणून त्याच्याकडे शंभर उतारे पाठवण्याचा मोह टाळावा. तीस आणि साठ यांत वहीवर फरक पडतो का ते पाहावे. माझा कल तीसकडे आहे.

त्यानंतर मॉडेलपुढे चार ते सहा विभाग ठेवले की पुरे. लांबलचक मजकुरात मधोमध असलेली माहिती मॉडेलकडून दुर्लक्षिली जाते आणि आरंभीची व शेवटची अधिक वापरली जाते, हे २०२३ च्या संशोधनातून दिसून आले आहे. त्यामुळे सर्वांत भक्कम उतारा आरंभी ठेवणे श्रेयस्कर. न बदलणाऱ्या सूचना नेहमी सर्वांत वर, शब्दशः त्याच ठेवाव्यात, म्हणजे मॉडेलने त्या वाचून केलेली आकडेमोड पुढच्या प्रश्नाला पुन्हा वापरता येते. त्या सूचनांच्या आधी आजची तारीख लिहिली तर ही बचत रोज वाया जाते. तारीख शेवटी लिहावी.

फेरक्रमानंतरही सर्वोत्तम उताऱ्याचा गुण फार कमी असेल तर मॉडेलला विचारूच नये आणि ‘या संग्रहात याचे उत्तर नाही’ असे सरळ सांगावे. ही सीमारेषा कोठे आखायची हे वहीतल्या उत्तर नसलेल्या तीस प्रश्नांवरून ठरते. याने वेळ वाचतो, आणि चुकीच्या फवारणीचा सल्ला जाण्याची शक्यताही घटते.

जतन केलेली उत्तरे, नवे कागद आणि वीज

तेच प्रश्न हंगामात पुन्हा पुन्हा येतात. मेच्या अखेरीस मासेमारीबंदीच्या तारखा विचारल्या जातात, मोहोराच्या दिवसांत भुरी आणि तुडतुडे. म्हणून निकाल जतन करावेत, पण प्रश्न स्वच्छ केल्यानंतर अक्षरशः सारखा असेल तेव्हाच ते वापरावेत. ‘अर्थाने जवळचा’ प्रश्न पाहून जुने उत्तर देणारी सोय मी टाळतो, कारण ‘हापूसवरील भुरीला काय करावे’ आणि ‘काजूवरील भुरीला काय करावे’ हे प्रश्न व्हेक्टराच्या दृष्टीने शेजारी असले तरी त्यांची उत्तरे वेगळी असू शकतात. जतन केलेल्या प्रत्येक उत्तरासोबत संग्रहाच्या आवृत्तीचा क्रमांक ठेवावा. नवे परिपत्रक दाखल झाले की जुनी उत्तरे आपोआप बाद व्हायला हवीत.

नवे कागद घालताना प्रत्येक उताऱ्याच्या हॅशवरून फक्त बदललेल्या उताऱ्यांचेच एम्बेडिंग काढावे. संपूर्ण संग्रहाचे पहिले एम्बेडिंग साध्या प्रोसेसरवर फार वेळ घेते. ते पुण्या-मुंबईकडच्या एखाद्या शक्तिशाली यंत्रावर एकदाच करून तयार फाइली डिस्कवर घालून आणणे सोयीचे पडते. प्रश्नाचे एम्बेडिंग मात्र गावातल्या यंत्रावरच करावे लागते, आणि त्यासाठी तेच मॉडेल एक बाइटच्या आकड्यांत रूपांतरित करून सतत रॅममध्ये ठेवावे. दर प्रश्नाला ते नव्याने डिस्कवरून उचलले तर इतर सर्व श्रमांवर पाणी पडते.

मृगाच्या दिवसांत वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, त्यामुळे चालू फाइलीत कधीही थेट लिहू नये. नवी आवृत्ती शेजारी वेगळ्या नावाने पूर्ण लिहावी, तिची बेरीज-तपासणी (फाइल बिनचूक लिहिली गेली का याची खात्री) करावी, प्रश्नांची वही तिच्यावर एकदा चालवावी, आणि आकडे आधीइतके चांगले असतील तरच नाव बदलून ती कामाला लावावी. नाव बदलणे ही क्रिया एकतर पूर्ण होते किंवा मुळीच होत नाही, म्हणून मध्येच वीज गेली तरी यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर जुनी किंवा नवी यांपैकी एक आवृत्ती धड सापडते. वहीवर आकडे घसरले असतील तर जुनी आवृत्ती तशीच चालू द्यावी आणि घसरण कोणत्या प्रश्नांवर झाली ते आधी वाचावे. बहुधा तेथे एखादा नवा फाँट, तुटलेला तक्ता किंवा यादीत न घातलेला बोलीतला शब्द सापडतो.